नवशिक्यासाठी गोल्फ क्लबांची निवड

गोल्फ क्लब म्हणजे गोल्फ या खेळात चेंडू टोलवण्यासाठी वापरली जाणारी, एका टोकाला जड डोके असलेली काठी होय. मराठीत ‘गोल्फ क्लब’ हा शब्द खेळाच्या संस्थेसाठीही वापरला जातो, त्यामुळे वृत्तपत्रांत या काठीला ‘गोल्फ स्टिक’ म्हणण्याची पद्धत आहे. खेळाडू मात्र तिला क्लबच म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘क्लब’ हा शब्द काठीच्या अर्थाने वापरला आहे.

नुकताच खेळ शिकू लागलेल्या व्यक्तीला वाढदिवस, सेवानिवृत्ती किंवा दिवाळी पाडव्याच्या निमित्ताने क्लब भेट देण्याची प्रथा गोल्फ खेळणाऱ्या कुटुंबांत आढळते. ही भेट दिसते तितकी सोपी नाही. क्लब हे पादत्राणासारखे मापाचे साधन आहे. ते घेणाऱ्याच्या उंचीला, हाताच्या लांबीला, पंजाला आणि टोल्याच्या वेगाला जुळावे लागते. माप चुकलेला क्लब कितीही महाग असला तरी शिकणाऱ्याला चुकीच्या सवयी लावतो, आणि त्या सवयी पुढे सोडवणे शिकण्यापेक्षा कठीण जाते. नवी मुंबईतील सानपाड्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात तर हा क्लब ठेवायचा कोठे, न्यायचा कसा आणि फिरवायचा कोठे, हेही प्रश्न निवडीच्या वेळीच विचारात घ्यावे लागतात.

सानपाडा आणि परिसरातील गोल्फ

सानपाडा हा सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईचा एक विभाग असून तेथील रेल्वे स्थानकावर हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात. सानपाड्यात स्वतःचे गोल्फ मैदान नाही. हार्बर मार्गावर मात्र ते दोन मैदानांच्या मधोमध येते. मुंबईच्या दिशेने वाशी, मानखुर्द आणि गोवंडी ओलांडल्यावर चेंबूर लागते. तेथे १९२७ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. पनवेलच्या दिशेने जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे आणि बेलापूरनंतर खारघर येते. तेथे डोंगराच्या पायथ्याशी, पांडवकडा धबधब्याच्या परिसरात सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. हे मैदान सुरुवातीला ११ होलांनिशी खुले झाले होते.

या दोन मैदानांचे स्वरूप निराळे आहे. चेंबूरची संस्था सदस्यांची आहे. खारघरचे मैदान सार्वजनिक संस्थेने उभारलेले असल्याने संस्थेचे सदस्यत्व नसलेल्या नवशिक्याची पहिली ओळख बहुधा तेथेच होते. भारतात गोल्फ आला तो ब्रिटिशांबरोबर. कोलकात्यातील संस्था १८२९ मध्ये आणि मुंबईतील १८४२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर दीर्घकाळ हा खेळ लष्करी अधिकारी, संस्थानिक आणि बड्या कंपन्यांचे अधिकारी यांच्यापुरता राहिला. त्या काळात क्लब विकत घेण्यापूर्वी सल्ला देणारे कोणी तरी संस्थेतच भेटत असे. आज पहिल्यांदा खेळू पाहणाऱ्याच्या घरात बहुधा कोणीच गोल्फ खेळलेले नसते. भेट देणाऱ्यालाही त्यातले काही ठाऊक नसते, आणि चुकीच्या खरेदीचे मूळ येथे आहे.

क्लबचे भाग आणि प्रकार

क्लबचे तीन मुख्य भाग असतात. हातात धरण्याची रबरी ग्रिप, मधला दांडा म्हणजे शाफ्ट आणि खालचे हेड. हेडचा जो सपाट पृष्ठभाग चेंडूला लागतो त्याला फेस म्हणतात. फेस उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलेला असेल त्या कोनाला लॉफ्ट असे नाव आहे. लॉफ्ट जितका अधिक, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो.

हेडच्या आकारावरून वूड, हायब्रिड, आयर्न, वेज आणि पटर असे प्रकार पडतात. वूड हे नाव आता केवळ इतिहासापुरते उरले आहे. पूर्वी त्यांची हेडे पर्सिमन या वृक्षाच्या टणक लाकडापासून घडवली जात. विडीच्या पानांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या तेंदूच्या, म्हणजेच टेंभुर्णीच्या प्रजातीतलाच हा वृक्ष आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनीतर्फे धातूचे वूड बाजारात आणले आणि काही वर्षांतच लाकडी हेडे मागे पडली. सर्वांत लांब वूडला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा लॉफ्ट साधारणतः ९ ते १२ अंश असतो. आयर्नना क्रमांक असतात. क्रमांक वाढतो तसा लॉफ्ट वाढतो आणि लांबी कमी होते. वेज हे त्याच मालिकेतील अधिक लॉफ्टचे क्लब असून वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्याच्या सँड वेजचा लॉफ्ट ५४ ते ५६ अंशांच्या आसपास असतो. लांब आयर्न मारणे अवघड जात असल्याने वूड आणि आयर्न यांचे गुण एकत्र आणून हायब्रिड तयार झाले. हिरवळीवर चेंडू होलाकडे घरंगळवण्यासाठी पटर असतो. त्याचा फेस जवळजवळ उभा, ३ ते ४ अंशांचा असतो.

क्रमांकांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. हेडवरचा आकडा हे प्रमाणित माप नाही. गेल्या काही दशकांत उत्पादकांनी प्रत्येक क्रमांकाचा लॉफ्ट हळूहळू कमी केला, जेणेकरून ‘सात नंबर’ पूर्वीपेक्षा लांब मारतो असे ग्राहकाला वाटावे. त्यामुळे आजच्या अनेक संचांतील ७ क्रमांकाचे आयर्न जुन्या संचातील ५ किंवा ६ क्रमांकाच्या आयर्नइतके असते. एका संचातले निम्मे आणि दुसऱ्या संचातले निम्मे क्लब एकत्र करून दिले तर दोन क्लब एकाच अंतराचे आणि मधले अंतर रिकामे, असा घोटाळा होऊ शकतो.

किती क्लब द्यावेत

नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब जवळ बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये लागू झाली. त्याआधी काही नामवंत खेळाडू विसाहून अधिक क्लब घेऊन उतरत आणि ते वाहणाऱ्या कॅडीचे हाल होत. किमान मर्यादा मात्र कधीच नव्हती. १९१६ ची अमेरिकन खुली स्पर्धा चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने केवळ सात क्लब वापरून जिंकली होती.

दुकानदार नवशिक्याच्या भेटीसाठी बहुधा पूर्ण संच पुढे करतात. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून निवृत्त होणाऱ्या साहेबांना दिलेला चौदा क्लबांचा चकचकीत संच हे कार्यालयीन निरोपसमारंभातील एक भारदस्त दृश्य असते, पण शिकण्याच्या दृष्टीने त्यातील निम्मा भाग निरुपयोगी ठरतो. याचे कारण भौतिकीत आहे. लागोपाठच्या दोन आयर्नांत लॉफ्टचा फरक साधारण ३ ते ४ अंशांचा आणि लांबीचा फरक अर्ध्या इंचाचा असतो. कसलेल्या खेळाडूच्या वेगाला या फरकातून प्रत्येक क्लबमागे १० ते १५ यार्डांचे वेगळे अंतर मिळते. नवशिक्याचा वेग कमी असतो आणि चेंडू फेसच्या मध्यभागी क्वचितच लागतो, म्हणून त्याच्या हातून ५, ६ आणि ७ क्रमांकांचे चेंडू जवळजवळ एकाच टप्प्यात पडतात. तीन क्लब असूनही अंतर एकच मिळते.

त्यामुळे प्रशिक्षक सुरुवातीला अर्धा संच सुचवतात. त्यात एक अधिक लॉफ्टचे वूड, एक हायब्रिड, ७ आणि ९ क्रमांकांची आयर्न, एक सँड वेज आणि पटर असे सहा-सात क्लब पुरेसे होतात. ड्रायव्हर नंतर घेतला तरी चालतो. तो सर्वांत लांब आणि पटर वगळता सर्वांत कमी लॉफ्टचा असल्याने फेस किंचित तिरका लागला तरी चेंडू मोठे वळण घेऊन मैदानाबाहेर जातो, आणि नवशिक्याच्या बाबतीत हे सतत घडते. तरीही भेट म्हणून ड्रायव्हरच सर्वाधिक आकर्षक वाटतो, कारण दुकानात तोच सर्वांत मोठा आणि उठून दिसणारा असतो.

अर्ध्या संचाचा आणखी एक फायदा सानपाड्यातील रहिवाशाला चटकन पटण्याजोगा आहे. चौदा क्लब, चेंडू, पाणी आणि छत्री धरून भरलेली पिशवी १२ ते १५ किलोपर्यंत जाते. ती गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढवणे सोपे नाही. सात क्लबांची, खांद्याला लावायची हलकी पिशवी रविवारी पहाटेच्या गाडीने खारघरला सहज नेता येते. वाहनाविना खेळायला जाणाऱ्याच्या बाबतीत पिशवीचे वजन हा दुय्यम मुद्दा राहत नाही. पिशवी जड असेल तर माणूस महिन्यातून एकदा जातो, हलकी असेल तर आठवड्यातून एकदा.

दोनच क्लबांची भेट

खर्च मर्यादित असेल किंवा घेणाऱ्याची आवड टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर ७ क्रमांकाचे आयर्न आणि पटर ही जोडी पुरेशी असते. बहुतेक प्रशिक्षक पहिले धडे ७ क्रमांकावरच देतात. त्याची लांबी आणि लॉफ्ट दोन्ही मधले असल्यामुळे त्यावर बसलेला टोला पुढे इतर क्लबांना थोड्या फरकाने लागू पडतो.

पटरची बाजू याहून भक्कम आहे. पार ७२ च्या मैदानाच्या हिशोबात प्रत्येक होलावर दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ टोले एकट्या पटरचे. शिवाय सदनिकेत राहणाऱ्या माणसाला घरात वापरता येणारा हा एकमेव क्लब आहे. इतर क्लब पूर्ण फिरवले तर छताला, पंख्याला किंवा माणसाला लागण्याची भीती असते आणि इमारतीच्या आवारात, जेथे मुले खेळत असतात, तेथे तर ते मुळीच फिरवू नयेत. पटरला दिवाणखान्यातील दहा फुटांची सतरंजी आणि एक पेला पुरतो. ज्याला मैदानावर महिन्यातून दोनदाच जाता येते, त्याच्या हातात रोज पंधरा मिनिटे राहणारी वस्तू म्हणूनही पटर देण्यासारखा आहे.

मापे

क्लबची लांबी ठरवताना केवळ उंची पाहणे ही नेहमीची चूक आहे. सारख्याच उंचीच्या दोघांचे हात कमी-अधिक लांब असू शकतात. म्हणून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले जाते. खेळताना घालायचे बूट घालून, सरळ उभे राहून, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. हे अंतर साधारण ३४ ते ३७ इंचांच्या दरम्यान असेल तर पुरुषांच्या प्रमाणित लांबीचे क्लब बहुधा चालतात. त्याहून कमी असेल तर आखूड आणि जास्त असेल तर लांब क्लबांची गरज भासते. बाजारातील प्रमाणित माप पाश्चात्त्य पुरुषाची अंगकाठी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहे, त्यामुळे भारतीय स्त्रियांना आणि बुटक्या पुरुषांना ते पुष्कळदा लांब पडते.

लांब क्लब आखूड कापून घेणे हा उपाय वाटतो तितका निर्दोष नाही. शाफ्ट कापला की तो अधिक ताठ होतो आणि हेड हातात हलके जाणवू लागते. वडिलांचे जुने क्लब कापून मुलाला देण्याची पद्धत याच कारणाने टाळावी. मुलाच्या हाती जड हेडाचा, लोखंडी गजासारखा ताठ क्लब येतो आणि तो उचलण्यासाठी मूल सारे अंग फिरवू लागते. मुलांसाठी वेगळ्या वजनाचे आणि लवचीक शाफ्टचे क्लब मिळतात. काही उत्पादक उंचीच्या दर ३ इंचांमागे एक माप ठेवतात. मूल वाढत असल्याने तेथेही तीन-चार क्लबांहून अधिक घेण्यात अर्थ नाही.

दुसरे माप लाय या कोनाचे, म्हणजे क्लबचा तळ जमिनीवर टेकवला असता शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचे. बुटक्या खेळाडूने लांब क्लब धरला की हेडचा पुढचा भाग वर उचलला जातो. मग उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू टोला चांगला बसूनही डावीकडे जातो. उंच खेळाडूच्या हातात आखूड क्लब असेल तर याच्या उलट घडते. ही चूक क्लबची आहे हे नवशिक्याला कळत नाही. तो आपलाच टोला वाकवून चेंडू सरळ पाडू पाहतो आणि हळूहळू ती सवय होऊन बसते.

शाफ्टची लवचीकता हे तिसरे माप होय. टोल्याच्या वेळी शाफ्ट किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. वेग कमी असलेल्याला लवचीक शाफ्ट लागतो, वेगवान खेळाडूला ताठ. उत्पादक यासाठी लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ आणि एक्स्ट्रा स्टिफ अशा श्रेणी वापरतात. त्यांचे प्रमाण सर्व कंपन्यांत एकसारखे नाही. या नावांनी आणखी एक गैरसमज होतो. ‘लेडीज’ म्हणजे फक्त स्त्रियांसाठी आणि ‘सीनियर’ म्हणजे फक्त वृद्धांसाठी असा त्यांचा अर्थ नाही. व्यायामाची सवय असलेल्या तरुणीला रेग्युलर शाफ्ट योग्य ठरू शकतो, तर पन्नाशीतल्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला सीनियर. नेमका हाच पुरुष ती नळी घ्यायला संकोचतो आणि स्टिफ मागतो. शाफ्टचा पदार्थही महत्त्वाचा असतो. पूर्वी हिकरी या लाकडाचे शाफ्ट असत. ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी शाफ्टना मान्यता दिली आणि त्यानंतर एकसारख्या वजनाचे, क्रमांकवार संच बनवणे शक्य झाले. आज पोलादाखेरीज ग्रॅफाइटचे शाफ्ट मिळतात. पोलादी शाफ्ट साधारण ९० ते १३० ग्रॅमचा, तर ग्रॅफाइटचा ५० ते ८० ग्रॅमचा असतो. ग्रॅफाइट जमिनीला बसलेल्या धक्क्याची कंपने कमी प्रमाणात हातापर्यंत पोहोचवतो. कोपर किंवा मनगट दुखणाऱ्या ज्येष्ठ नवशिक्यासाठी तो जास्तीच्या किमतीला साजेसा आहे.

ग्रिपची जाडी पंजावर ठरते. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हाताने क्लब धरतो तेव्हा मधली दोन बोटे तळव्याच्या मांसल भागाला अलगद टेकली पाहिजेत. ती तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक आहे आणि पोहोचतच नसतील तर जाड. ग्रिप बदलणे हे क्लबमधील सर्वांत स्वस्त काम असल्याने एवढ्यासाठी चांगला क्लब नाकारू नये.

डावा की उजवा

घेणारी व्यक्ती कोणत्या हाताने लिहिते यावरून क्लब ठरवणे धोक्याचे आहे. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात आणि उजव्या हाताने फलंदाजी करतात. सौरव गांगुली यांचे नेमके उलटे आहे. गोल्फमध्ये डावखुरे म्हणून ओळखले जाणारे अमेरिकन खेळाडू फिल मिकल्सन इतर सर्व कामे उजव्या हाताने करतात. लहानपणी समोर उभ्या वडिलांचा टोला आरशात पाहावा तसा उचलल्यामुळे ते डाव्या बाजूने खेळू लागले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक सोपे उत्तर उपलब्ध आहे. नवी मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा क्रिकेटची बॅट धरलेली असते आणि ज्या बाजूने माणूस बॅट धरतो त्याच बाजूने तो बहुधा गोल्फचा क्लबही धरतो. तरीही खरेदीपूर्वी विचारून घेणे श्रेयस्कर. डाव्या बाजूचे क्लब भारतीय बाजारात, विशेषतः वापरलेल्या क्लबांच्या बाजारात, फार थोडे मिळतात. त्यामुळे काही डावखुरे लोक सुरुवातीपासून उजव्या बाजूने शिकतात. त्यांना प्रेमाने दिलेला डावा संच अडगळीत जातो.

हेडची घडण

जुन्या आयर्नांची हेडे पात्यासारखी पातळ, एकसंध असत. त्यांना ब्लेड म्हणतात. चेंडू फेसच्या नेमक्या मध्यावर लागला तर ब्लेडसारखा अनुभव नाही, परंतु अर्धा इंच इकडे-तिकडे लागला की हेड हातात वळते, वेग जातो आणि बोटांना झिणझिण्या येतात. नवशिक्याचे बहुतेक चेंडू तसेच लागतात.

यावर उपाय शोधला तो कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना, स्वतःला पट नीट करता येत नाहीत म्हणून, त्यांनी १९५९ मध्ये एक पटर बनवला. हेडमधले वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना नेले की कडेला लागलेल्या चेंडूनेही हेड कमी वळते, हे त्यामागचे तत्त्व होते. त्या पटरच्या आवाजावरून त्यांच्या उत्पादनांना पिंग हे नाव मिळाले. पुढे हेच तत्त्व आयर्नांना लावून मागील बाजू पोकळ ठेवलेली, वजन कडांना वाटलेली हेडे तयार झाली. नवशिक्यासाठी अशीच हेडे घ्यावीत. ब्लेड अधिक देखणी दिसतात आणि व्यावसायिकांच्या हाती तीच दिसतात, म्हणून भेट देणारा त्यांच्याकडे ओढला जातो. शिकणाऱ्याला ती निष्कारण शिक्षा करतात.

चेंबूरमधील सळईचे क्लब

साधन किती कमी असले तरी खेळ शिकता येतो याचे उदाहरण सानपाड्यापासून चार स्थानकांवर आहे. चेंबूरच्या गोल्फ मैदानालगतच्या वस्त्यांमध्ये राहणारे अनेक तरुण कॅडी म्हणून काम करत आले आहेत. मैदानावर खेळण्याची संधी मर्यादित असल्याने त्यांनी वस्तीतल्या गल्ल्यांतच आपला खेळ रचला. बांधकामावरील लोखंडी सळईचे टोक वाकवून त्याचा क्लब होतो आणि प्लास्टिकच्या चेंडूने अरुंद गल्ल्यांतून, पायऱ्यांवरून, पत्र्यांच्या भिंतींना वळसा घालत खेळले जाते. हा प्रकार ‘स्लम गोल्फ’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच नावाची एक हिंदी वेबमालिका २०२३ मध्ये प्रदर्शित झाली.

या सळईला ना लॉफ्टचे अंश असतात ना शाफ्टची श्रेणी. मात्र ती वापरणाऱ्याने स्वतःच्या उंचीला बेतून वाकवलेली असते, म्हणजे मापाचा प्रश्न तिथे आपोआप सुटलेला असतो. एकाच क्लबने कधी उंच, कधी जमिनीलगत, कधी अर्धा टोला मारण्याचा सराव हाताला जे शिकवतो ते चौदा क्लबांच्या पिशवीत सापडत नाही. स्पेनचे सेवे बायेस्तेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर ३ क्रमांकाच्या एकाच आयर्नने खेळून घडले. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. या उदाहरणांवरून महागड्या क्लबांची गरजच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. या खेळाडूंना मैदानाचा सहवास रोजचा होता, जो आठवड्याला एक सकाळ काढणाऱ्या नोकरदाराला मिळत नाही. अशा माणसाला क्षमाशील घडणीचा, मापाचा क्लब अधिक उपयोगी पडतो.

नवे, वापरलेले आणि बनावट

भारतात विकले जाणारे नामांकित क्लब बहुतांशी आयात होतात आणि त्यामुळे महाग पडतात. डेकॅथलॉनसारख्या दुकानांत इनेसिस या नावाने नवशिक्यांचे अर्धे संच आणि सुटे क्लब मिळतात. नवशिक्याला वापरलेले क्लबही उत्तम चालतात, कारण आयर्नचे हेड काही वर्षांत जुने होत नाही. दहा वर्षांपूर्वीची पोकळ पाठीची आयर्न आजही तितकीच उपयुक्त आहेत. पाहायचे ते शाफ्टवरचा गंज व वाकलेपणा, ग्रॅफाइटवरचे बारीक तडे, हेड आणि शाफ्ट यांच्या जोडातील खुळखुळ आणि कडक झालेली ग्रिप.

नामांकित छापांची हुबेहूब नक्कल करणारे क्लब जगभर विकले जातात. नव्या संचाची किंमत अधिकृत विक्रेत्याच्या निम्म्याहून कमी असेल, अक्षरांतील रंग ओबडधोबड भरलेला असेल किंवा हेडवरचा अनुक्रमांक नसेल, तर संशय घ्यावा. त्यापेक्षा कमी प्रसिद्ध नावाचा अस्सल संच घेणे केव्हाही बरे.

गुपित आणि माप

भेटवस्तू अचानक द्यावी ही इच्छा आणि क्लब मापून घ्यावा ही गरज यांचे जमत नाही. यातून निघण्याचा रूढ मार्ग म्हणजे दोन भागांत भेट देणे. ठरलेल्या दिवशी हातमोजा, डझनभर चेंडू किंवा प्रशिक्षकाकडील चार-पाच तासांचे शुल्क असे काही द्यायचे आणि क्लब नंतर, शिकवणाऱ्याच्या सल्ल्याने, घेणाऱ्याला सोबत नेऊन निवडायचे. हातमोजा उजव्या बाजूने खेळणारे डाव्या हातात घालतात, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे लागते. प्रशिक्षणाच्या काळात बहुतेक ठिकाणी वापरण्यापुरते क्लब मिळतात, त्यामुळे थांबण्याने काही अडत नाही. उलट चार-पाच धड्यांनंतर टोल्याचा वेग आणि उभे राहण्याची ढब थोडी स्थिर झालेली असते आणि माप अधिक खरे येते. क्लब आधीच घ्यायचे असतील तर बदलून देण्याची लेखी सोय असलेल्या दुकानातून घ्यावेत आणि वेष्टन काढण्यापूर्वी घेणाऱ्याला एक-दोन क्लब हातात धरून पाहू द्यावेत.

खाडीकाठची हवा

सानपाडा ठाणे खाडीच्या काठाजवळ आहे. दमट, क्षारयुक्त हवेत क्रोमचा मुलामा नसलेल्या वेजवर लवकर गंज चढतो, म्हणून या भागातील नवशिक्याला मुलामा असलेलेच वेज द्यावेत. काही खेळाडू मुद्दाम कोरे, गंजणारे वेज पसंत करतात, पण ती आवड पुढच्या टप्प्यावरची आहे. जून ते सप्टेंबर या काळात क्लब पिशवीत तसेच बंद ठेवले तर शाफ्टच्या तोंडाशी गंज आणि पिशवीच्या तळाशी बुरशी धरते. खेळून आल्यावर हेड व शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसून, ग्रिप साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन, पिशवी उघडी ठेवून वाळवणे पुरते. क्लब गॅलरीत किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. उष्णतेने ग्रिपखालची चिकटपट्टी सैल होते आणि ग्रिप हातात फिरू लागते. सात क्लबांची पिशवी दाराआडच्या कोपऱ्यात उभी राहते. पूर्ण संचाची मोठी पिशवी ठेवायला लहान सदनिकेत बहुधा पलंगाखालची जागा शोधावी लागते.